थंड झाल्यावर बोलू

आमच्या सोसायटीत भांडण पेटलं की केल्विनकाका चष्मा पुसायला घेतात.

मे महिन्यातली ती सभा मला अजून आठवते. डोंबिवलीचा उकाडा, स्टिल्टखाली मांडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि विषय गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची दुरुस्ती. ए विंगचं म्हणणं, टाकी बी विंगच्या डोक्यावर आहे, तेव्हा खर्चाचा मोठा वाटा त्यांचा. बी विंगचं म्हणणं, पाणी काय आम्ही एकटेच पितो? पंधरा मिनिटांत टाकी बाजूला राहिली आणि गाडी दहा वर्षांपूर्वी कुणाच्या मुंजीचं आमंत्रण कुणाला गेलं नव्हतं, तिथवर पोचली. सगळे एकदम बोलत होते. केल्विनकाका खांबाला पाठ टेकून सदऱ्याच्या टोकाने चष्म्याची काच पुसत होते.

मी नवा सेक्रेटरी. वाटलं, एवढा वडीलधारा, शिकलेला माणूस, दोन शब्द बोलला तर लोक ऐकतील.

"काका, तुम्ही तरी काही बोला."

"आत्ता नको," काका म्हणाले. "आत्ता सगळेच थरथरतायत. त्यात माझं वेगळं काही ऐकूच येणार नाही. थंड झाल्यावर बोलू."

मला ते वाक्य फार समंजस वाटलं. सोसायटीतल्या जुन्या मंडळींनी मात्र एकमेकांकडे असं पाहिलं, की हवा पालटल्यावर गुडघे दुखणार हे ज्याला पक्कं ठाऊक असतं, तो तसं आभाळाकडे पाहतो.

असा माणूस प्रत्येक गोतावळ्यात एक असतो. लग्नघरात रुसवेफुगवे संपतात, व्याही-व्याही एका तबकातला विडा उचलतात, विहीणबाई चक्क हसतात आणि नेमका तेव्हा हा मामा नाहीतर काका लोडाला टेकून शांतपणे विचारतो, "पण त्या पैठणीचं काय ठरलं होतं?" बाकीच्या जगाचा विरोध डोकं तापलं की होतो. ह्यांचा विरोध पारा उतरेल तसा चढतो. आवाज मात्र चढत नाही. काकांचा आवाज तर मुळात इतका बारीक, की त्यांची हरकत ऐकायला खुर्ची पुढे ओढावी लागते. ह्यालाही त्यांच्याकडे कारण आहे. "मोजायला प्रवाह कमीच सोडायचा असतो. जास्त सोडलास तर नमुनाच तापतो. मग तू मोजतोस ते काय?"

काकांचं खरं नाव पोस्टमनला ठाऊक आहे. बाकी सगळ्यांचे ते केल्विनकाका, कारण ते हवा केल्विनमध्ये सांगतात. लिफ्टमध्ये भेटून कुणी "काय उकडतंय!" म्हटलं की काका म्हणतात, "३०७." ऐकणाऱ्याने त्यातून २७३ वजा करेपर्यंत त्याचा मजला येतो. डिसेंबरात २९० ला डोंबिवली माकडटोपी घालते, ह्याचं त्यांना हसू येतं. त्यांची उमेदीची सगळी वर्षं ४.२ ला गेली. ४.२ केल्विन म्हणजे शून्याच्या खाली सुमारे २६९ अंश. त्या तापमानाला हेलियम उकळतं. मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत काका असिस्टंट होते आणि आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं. धातूचा चिमूटभर तुकडा घ्यायचा, त्याला चार तारा लावायच्या, हेलियममध्ये उतरवायचा आणि विजेला तो किती अडवतो ते मोजायचं. ह्या अडवण्याला शाळेच्या पुस्तकात रोध म्हणतात. काकू म्हणतात, "तिकडे रोध मोजला, इकडे विरोध केला. एका उपसर्गाचाच काय तो फरक."

घरातल्या थर्मासला काका थर्मास म्हणत नाहीत, ड्यूअर म्हणतात. जेम्स ड्यूअरने १८९२ मध्ये निर्वात भिंतींचं हे भांडं केलं ते अतिथंड वायू साठवायला. त्याने पेटंट घेतलं नाही, आणि लोकांनी त्यात चहा भरून पैसे केले. ही हकीकत काका इतक्या पोटतिडकीने सांगतात, की ड्यूअर त्यांचा मावसभाऊ असावा असं वाटतं. पाहुण्याच्या हातातला चहा मात्र तोवर निवलेला असतो. त्याबद्दल काकांची तक्रार नसते. थंडच झालेला असतो ना!

धातू मुळात अडवतो कशाला, हे काकांनी मला पंगतीच्या उदाहरणाने समजावलं. धातूतले अणू ओळीने बसलेले असतात आणि इलेक्ट्रॉन हे वाढपी. आपल्याला वाटतं, एवढ्या दाटीतून वाढप्याला वाट मिळायची नाही. पण इलेक्ट्रॉन म्हणजे चेंडू नव्हे, लाट. पंगत अगदी सरळ आणि स्तब्ध असेल, तर ही लाट तिच्यातून कुठेही न अडखळता जाते, हे फेलिक्स ब्लॉखने १९२८ मध्ये दाखवून दिलं. वाढपी अडखळतो दोन कारणांनी. एक, पंगतीची चुळबुळ. उष्णतेने अणू सतत थरथरत असतात. साध्या तांब्यात, आपल्या खोलीतल्या तापमानाला, इलेक्ट्रॉन सुमारे ४० नॅनोमीटर जातो न जातो तोच कुठेतरी आपटतो. दुसरं कारण म्हणजे पंगतीतले दोष. कुठे पान मांडलंय पण माणूस नाही, कुठे अख्खी ओळ अर्धा हात सरकलेली, कुठे भलत्याच गोत्राचा पाहुणा पाय पसरून बसलेला.

"आता थंड करत जा," काका म्हणाले. "काय होईल?"

"चुळबुळ कमी होईल."

"होईल. आणि पाय पसरलेला माणूस?"

"तो तसाच."

"तो तसाच!" काकांनी मांडीवर थाप मारली. "त्याला म्हणतात अवशिष्ट रोध. सगळं शांत झाल्यावर जो उरतो तो. उन्हाळ्यात तो कुणाला दिसत नाही, कारण तेव्हा सगळेच आडवे येतात. ऑगस्टस मॅथिसेनने १८६० च्या दशकातच ओळखलं होतं, की थरथरीचा रोध वेगळा, भेसळीचा वेगळा आणि दोघांची नुसती बेरीज होते. म्हणून तुमच्या मेच्या सभेत मी बोललो नाही. बेरजेत बुडालो असतो."

एवढी थंडी जेव्हा कुणी पाहिलेलीच नव्हती, तेव्हा मोठमोठी माणसं अंदाज बांधत होती. ड्यूअरला वाटे, थंड करत गेलं की रोध शून्याकडे जाईल. लॉर्ड केल्विनला वाटे, इलेक्ट्रॉनच थिजतील आणि रोध अमाप वाढेल. ("चुकलं त्यांचं. आणि तुम्ही मला नाव ठेवलंत ते त्यांचं!") मग हॉलंडमधल्या लायडनला कामरलिंग ओनेस यांनी १० जुलै १९०८ रोजी हेलियम द्रवरूप केलं आणि अंदाजांची जागा आकड्यांनी घेतली. त्यांच्या सोन्याने आणि प्लॅटिनमने ड्यूअरचंही ऐकलं नाही, केल्विनचंही नाही. रोध उतरत उतरत एका पायरीवर येऊन थांबला. जितकी भेसळ जास्त तितकी पायरी उंच. म्हणून ओनेस पाऱ्याकडे वळले, कारण पारा पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून फार शुद्ध करता येतो. एप्रिल १९११ मध्ये त्या पाऱ्याचा रोध ४.२ केल्विनजवळ एका क्षणात नाहीसा झाला. अतिवाहकतेचा शोध लागला आणि १९१३ चं नोबेल त्यांच्याकडे आलं.

पाऱ्याची ही गोष्ट सांगताना काकांचा चेहरा उतरतो. कुणीतरी इतक्या चटकन विरोध सोडून द्यावा, हे त्यांना रुचत नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मंडळींनी २०१६ मध्ये शुद्ध बिस्मथला अर्ध्या मिलिकेल्विनपर्यंत, नेमकं सांगायचं तर ०.५३ मिलिकेल्विनपर्यंत नेलं, तेव्हा तोसुद्धा अतिवाहक झाला. काकांना ह्या कामाचा मनापासून अभिमान आहे.

"बघ, बिस्मथनेही शेवटी ऐकलं," ते म्हणाले.

"मग काका, तुम्हीसुद्धा एक दिवस..."

"मी सोनं आहे," काका म्हणाले. "सोनं, चांदी, तांबं. उकाड्यात ह्यांच्यासारखा सरळ वाहक नाही. पण कितीही थंड केलं तरी ह्यांच्यातलं एकही अजून अतिवाहक झालेलं कुणी पाहिलेलं नाही. शिसं बघ, एरवी ढ, पण ७.२ ला लोटांगण घालतं. उन्हाळ्यात गोड बोलणारा हिवाळ्यात ऐकेलच, असं नसतं."

सोन्याचा विषय निघाला की काकू उठून कपाटाची किल्ली कमरेला लावतात. एकदा पाटल्या मोडायला दोघं सराफाकडे गेले होते. सराफ कसोटीच्या दगडावर घासून बघत होता. काका म्हणाले, "घासून काय कळणार? हिला चार केल्विनला न्या." सराफ म्हणाला, "काका, हॉलमार्क आहे." काका म्हणाले, "लायडनच्या सोन्यालाही कुणी नावं ठेवली नव्हती." त्यावर काकूंनी पाटल्या परत हातात चढवल्या आणि त्या आजतागायत मोडलेल्या नाहीत.

लायडनच्या सोन्याची ही भानगड १९३४ ची. द हास, द बूर आणि व्हान डेन बर्ख ह्या तिघांनी चांगलं शुद्ध सोनं घेतलं आणि थंड करत नेलं. रोध उतरत गेला. चारेक केल्विनच्या आसपास पोचल्यावर तो पायरीवर थांबायला हवा होता. तो थांबला नाही. वळला आणि वर चढू लागला. जितकं थंड करावं तितका जास्त!

"आपल्याकडे म्हणतात ना, सोनं तावून सुलाखून घ्यावं," काका म्हणाले. "चूक. आगीत टाकलं की सगळेच वितळतात, सगळेच चमकतात. खोट बघायची तर थंडीत बघावी. बावनकशी म्हणवणारं सोनं चार केल्विनला काय बोलतं, ते ऐकावं."

ते काय बोलत होतं, हे कळायला ३० वर्षं लागली. पाय पसरलेला साधा पाहुणा असता तर पायरी उंच झाली असती, वळण आलं नसतं. इथला पाहुणा वेगळ्या जातीचा होता. लोखंडाचा अणू, लाखांत मोजकेच, पण अंगात चुंबक घेऊन आलेले. प्रत्येक इलेक्ट्रॉनला एक फिरकी असते, वर किंवा खाली. लोखंडाच्या अणूलाही असते. इलेक्ट्रॉन जवळून गेला की हा अणू नुसता आडवा येत नाही, त्याची फिरकी घेतो. त्याला उलटा फिरवतो आणि त्या झटक्यात स्वतःही उलटा होतो. म्हणजे पुढच्या वाढप्याला तो वेगळाच भेटतो. आधीच्याशी काय झालं, ते ह्याच्या अंगात उरलेलं असतं. साध्या दोषाला मागचं आठवत नाही. ह्याला आठवतं. तोक्योच्या इलेक्ट्रोटेक्निकल लॅबोरेटरी ह्या सरकारी प्रयोगशाळेतल्या जुन कोंडो यांनी १९६४ मध्ये हा हिशोब नेटाने एक पायरी पुढे नेला, तेव्हा दिसलं, की ह्या आठवणीमुळे रोध थंडीबरोबर लॉगॅरिदमच्या चालीने, म्हणजे सावकाश पण न थांबता, वाढत जातो. एका बाजूने थरथर कमी होतेय, दुसऱ्या बाजूने फिरकी वाढतेय. दोन्हींची गाठ पडते तिथे ते वळण.

काकांना सभेत का घ्यावं लागतं आणि का घेऊ नये, हे दोन्ही मला त्या दिवशी कळलं. पण तोवर उशीर झाला होता. कोजागिरी आली होती.

गच्चीवर चटया अंथरल्या होत्या. एका बाजूला ए विंग, दुसऱ्या बाजूला बी विंग, मध्ये तीन फुटांची मोकळी पट्टी. तरी मेची आग विझलेली होती. दूध आटत होतं, चंद्र टाकीच्या मागून वर आला होता, कुणीतरी भावगीत गुणगुणत होतं. मी मनात म्हटलं, चला, निवलं सगळं. तेवढ्यात काकांनी चष्मा डोळ्यांवर नीट बसवला.

"एक लहानसा प्रश्न आहे," असं म्हणून ते उठले, टाकीपाशी गेले आणि खिशातून दोऱ्याला बांधलेलं चुंबक काढलं. टाकीच्या झाकणाला २४ बोल्ट. काका एकेका बोल्टावरून चुंबक फिरवत गेले. २३ बोल्टांवरून ते घसरलं. २४ व्या बोल्टाला चिकटलं. शांततेत 'टक्' असा आवाज झाला.

"बिलात २४ बोल्ट स्टेनलेसचे लावलेत," काका बारीक आवाजात म्हणाले. गच्चीवरच्या सगळ्यांना पुढे सरकावं लागलं. "हा एक लोखंडी आहे."

बी विंगमधले एक इंजिनियर म्हणाले, "काका, स्टेनलेसलाही कधी कधी चुंबक लागतं."

"लागतं, हलकंसं. म्हणूनच तीन वेगवेगळ्या रात्री मोजलं."

"फरक किती रुपयांचा?" मी विचारलं.

"पंधरा."

"पंधरा रुपयांसाठी काका?"

"कोंडोंच्या सिद्धांतात भेसळ ३२ पट वाढवली तर वळणाचं तापमान फक्त दुप्पट होतं. पाचवं मूळ आहे ते. किती आहे ह्याला महत्त्व नाही. आहे, ह्याला आहे."

पाचव्या मुळाचं कुणाला काही कळलं नाही, पण कंत्राटदार ए विंगने आणला होता, एवढं बी विंगला बरोबर आठवलं. ए विंगला आठवलं की देखरेख बी विंगकडे होती. मुंजीचं आमंत्रण पुन्हा वर आलं. दूध उतू गेलं. मी काकांकडे पाहिलं. ते जागेवर जाऊन बसले होते आणि चष्मा पुसत होते.

पुढची तीन वर्षं मी काढली. गणपतीची आरती संपून मंत्रपुष्पांजलीनंतरची निरव शांतता झाली, की बोल्ट. संक्रांतीला तिळगूळ हातावर पडला, की बोल्ट. काकांनी चौकशीची पद्धतही घालून दिली. प्रयोगशाळेत दोन तारांतून प्रवाह सोडतात आणि दाब मोजायला दुसऱ्या दोन लावतात, म्हणजे तारांचा स्वतःचा रोध मापात येत नाही. त्याप्रमाणे भांडणारे दोन वेगळे आणि ऐकणारे दोन वेगळे अशी चौघांची समिती नेमली गेली. भांडणारे दोन मिळाले. ऐकणारे दोन अजून मिळालेले नाहीत.

एकदा वैतागून मी स्वतःच्या खर्चाने स्टेनलेसचा बोल्ट आणला आणि पाना घेऊन गच्चीवर गेलो. काका टाकीसमोर उभे.

"नमुना बदललास तर मोजायचं काय?"

"काका, तीन वर्षं झाली!"

"सोन्याला तीस लागली होती."

मग मी दुसरा उपाय केला. काकांना एकटं पाडायचं. सभेत शेवटची खुर्ची, विषयपत्रिकेत शेवटचा विषय, व्हॉट्सॲपवर त्यांच्या संदेशाखाली कुणी अंगठासुद्धा द्यायचा नाही. परिणाम उलटा झाला. ते जितके कडेला गेले तितकी त्यांची हरकत टोकदार झाली. एका संध्याकाळी मी सरळ त्यांच्या घरी गेलो आणि विचारलं, "काका, कोंडोंच्या सूत्राप्रमाणे तुम्ही थांबणार कधी?"

काका खूश झाले. इतक्या वर्षांत त्यांना कुणी इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता.

"सूत्राप्रमाणे कधीच नाही! तापमान शून्याकडे जाईल तसा रोध अनंताकडे. तिथेच तर कोंडी झाली. निसर्गात असं अनंत काही होत नसतं. म्हणजे फार थंडीत ते सूत्रच कामाचं राहत नाही. हे गणित केनेथ विल्सनने १९७५ मध्ये तडीस नेलं, आणि १९८२ चं नोबेल त्याला ज्या विचारपद्धतीसाठी मिळालं, तिच्याच जोरावर नेलं. काय निघालं माहीत आहे? एका ठरावीक तापमानाखाली आसपासचे इलेक्ट्रॉन त्या अणूभोवती गोळा होतात. एकटादुकटा नाही, सगळे मिळून. त्याची फिरकी आणि ह्यांची फिरकी अशी गुंफली जाते, की बाहेरून बघणाऱ्याला तो अणू चुंबक आहे हे कळतच नाही. तांब्यात लोखंड असेल तर हे वीस-तीस केल्विनलाच सुरू होतं. मँगनीज असेल तर केल्विनचा शंभरावा भाग येईस्तोवर वाट बघावी लागते. ज्याचा त्याचा स्वभाव."

"म्हणजे रोध जातो?"

"जात नाही रे! वाढायचा थांबतो."

काकू शेजारी सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "हे कळायला त्यांना १९७५ उजाडलं होय? माझं लग्न ७४ चं."

मी काकूंकडे पाहिलं. इतकी वर्षं मी चुकीच्या तज्ज्ञाकडे जात होतो.

"तुम्ही ह्यांना कडेला बसवता," काकू म्हणाल्या. "म्हणून बोलतात. तांदळातला खडा निवडून टाकता येतो, माणूस कुठे टाकणार? मध्ये बसवा. चार पोरं अंगाखांद्यावर सोडा. आणि ते बोलायला लागले की गप्प करू नका, प्रत्येकाने थोडं थोडं बोला. मी पन्नास वर्षं तेच करतेय. ह्यांचा विरोध काही गेलेला नाही. पण १९७४ मध्ये होता तेवढाच आहे."

त्या वर्षीच्या कोजागिरीला काकू स्वतः लवकर वर आल्या. दोन विंगांच्या चटयांमधल्या तीन फुटांच्या पट्टीत त्यांनी एक पाट ठेवला आणि म्हणाल्या, "अहो, इथे बसा." काका बसले. दुधाचं पातेलं ए विंगकडे होतं आणि पेले बी विंगकडे. जी काही देवाणघेवाण व्हायची, ती काकांच्या हातांतूनच व्हायची होती. दोन्हीकडची पोरं त्यांच्याभोवती कडं करून बसली.

चंद्र टाकीच्या वर आला. शांतता झाली. काकांनी चष्मा नीट केला. "एक लहानसा..."

"बोल्ट!" पोरं ओरडली.

काका बिचकले. ए विंगमधले निवृत्त मास्तर म्हणाले, "काका, खरंच, त्या बोल्टावर गंज धरलाय हो." बी विंगमधल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "धरलाय ना! काका, मी परवाच पाहिला, खाली ओघळ आलाय." दोघंही काकांशी बोलत होते. एकमेकांशी ते मेच्या सभेपासून बोलले नव्हते, आताही बोलत नव्हते. पण मास्तर काकांना जे सांगत ते डॉक्टरीणबाईंना ऐकू जात होतं, आणि डॉक्टरीणबाई काकांना जे सांगत ते मास्तरांना. हळूहळू दोन्ही चटया पुढे सरकल्या. कंत्राटदार लबाड होता, ह्यावर एकमत झालं. मग पैशांचं निघालं. ए विंग काकांना म्हणाली, अर्धे आम्ही देऊ. बी विंग काकांना म्हणाली, मग अर्ध्याला आमची ना नाही. काका डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे मान फिरवत होते, हातात दुधाचा पेला, मांडीवर एक झोपलेलं पोर. पाऊण तासात चार वर्षांचं भांडण मिटलं. मुंजीचा विषयसुद्धा निघाला नाही.

जिना उतरताना मी काकांना हात दिला. "काका, आज तुमच्यामुळे सुटलं."

काका एकदम थांबले. असा आरोप त्यांच्यावर जन्मात कुणी केला नव्हता. एक पायरी उतरले, पुन्हा थांबले.

"होऊ शकतं," ते नाइलाजाने म्हणाले. "१९९८ मध्ये तसं दिसलं होतं. क्वांटम डॉट म्हणतात, अर्धवाहकात घडवलेला नकली अणूच तो. त्याला भेसळीसारखा बाजूला ठेवला नाही, दोन तारांच्या मध्ये ठेवला. वाट म्हणून एकच, त्याच्यातून. एरवी त्याने वाट बंद ठेवली असती. पण थंड करत गेले तसे दोन्हीकडचे इलेक्ट्रॉन त्याच्याभोवती गुंफले गेले आणि वाट उघडत गेली. तोच कोंडो परिणाम. धातूच्या पोटात असला तर अडवतो, पुलावर बसवला तर पोचवतो."

"म्हणजे काकूंनी..."

"तिने १९९८ चे पेपर वाचलेले नाहीत," काका घाईने म्हणाले. "आणि एकदा मोजून काही सिद्ध होत नसतं. पुढच्या कोजागिरीला पुन्हा मोजू. बोल्ट मात्र तोच ठेव."

दुसऱ्या दिवशी मी इतिवृत्त लिहिलं. टाकीचा खर्च दोन्ही विंगांनी निम्मा निम्मा द्यावा. बोल्ट क्रमांक २४ आहे तसा राहू द्यावा. ठराव सर्वानुमते मंजूर. विरोध : शून्य. सही घ्यायला वही काकांकडे नेली. त्यांनी शेवटपर्यंत नीट वाचलं, माझ्या खिशातलं पेन मागून घेतलं, 'शून्य' खोडलं आणि बारीक, सुबक अक्षरात वर लिहिलं : 'अवशिष्ट'.